शिकलेली वर्षे कोणाच्या खाती?

बारावीची परीक्षा देऊन एक मुलगा सेमिनरीत दाखल होतो. पहाटे घंटेच्या ठोक्याला उठतो, प्रार्थना आटोपून वर्गात बसतो. दोन-तीन वर्षे तत्त्वज्ञान शिकतो, मग ईश्वरविद्येकडे वळतो. तर्कशास्त्र घोकतो, लॅटिन गिरवतो, ग्रीकची तोंडओळख करून घेतो, ॲरिस्टॉटलपासून कांटपर्यंतची मंडळी परीक्षेपुरती का होईना वाचतो. सहाव्या-सातव्या वर्षी त्याला उमजते की पाद्रीपण हा आपला मार्ग नव्हे. तो तसे वरिष्ठांना सांगतो आणि त्यांचा आशीर्वाद घेऊन घरी परततो. यात लाजण्यासारखे काहीच नाही; ज्याचे मन डळमळते त्याने व्रत घेऊ नये असे चर्चचेही म्हणणे असते. पण चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षी हा तरुण आपल्या गुणपत्रिकांचे भेंडोळे घेऊन एखाद्या महाविद्यालयाच्या कचेरीत जातो तेव्हा कारकून ते कागद उलटसुलट पाहतो आणि विचारतो, ‘‘बारावीचे प्रमाणपत्र आणले आहे काय?’’

त्या प्रश्नाने सात वर्षे पुसली जातात. कायद्याच्या दृष्टीने तो तरुण सात वर्षांपूर्वी जेथे होता तेथेच आहे. अठरा वर्षांच्या मुलांच्या शेजारी त्याने पहिल्या बाकावर बसावे, आणि ज्या तर्कशास्त्राचा पाठ तो लहान सोबत्यांना देत असे त्याच्या पहिल्या धड्यापासून पुन्हा आरंभ करावा, एवढेच त्याच्या हाती उरते.

हे चित्र आम्ही कोणा एका मुलावरून रंगविलेले नाही. देशात जेथे जेथे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कक्षेबाहेरच्या सेमिनऱ्या आहेत तेथे तेथे कमीअधिक फरकाने ते पाहावयास मिळते. यावर आमचे काही वाचक म्हणतील की हा ख्रिस्ती समाजाचा घरगुती प्रश्न आहे. त्याची उठाठेव मराठी दैनिकाने का करावी? या वाचकांना आम्ही एवढेच विचारू इच्छितो की आठव्या वर्षी मुंज होऊन वेदपाठशाळेत गेलेला आणि दहा-बारा वर्षांनी संहिता, पद, क्रम मुखोद्गत करून बाहेर पडलेला बटू त्याच कचेरीत गेला तर कारकून त्याला काय विचारतो? प्रश्न तोच असतो. बटूजवळ तर बहुधा बारावीचाही कागद नसतो.

सेमिनरी या संस्थेला वयाने कमी लेखण्याचे कारण नाही. १५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने प्रत्येक बिशपने आपल्या क्षेत्रात अशी शाळा काढावी असा ठराव केला आणि तेव्हापासून कॅथलिक जगतात तिची परंपरा अखंड चालू आहे. शब्द लॅटिनमधील बियाण्याच्या शब्दावरून आलेला, अर्थ रोपवाटिका. आमच्या शेतकऱ्याच्या भाषेत तरवा. गोव्यात ही परंपरा सासष्टीतील रायतूरला सतराव्या शतकाच्या आरंभी रुजली. जेझुइटांचे मडगावचे विद्यालय तेथे हलले, छापखाना आला, आणि १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स याचे ‘ख्रिस्तपुराण’ तेथेच छापून निघाले. मराठीतील ओवीला रोमन लिपीचा अंगरखा प्रथम तेथे चढला. मराठीच्या थोरवीचे वर्णन करताना ज्या ग्रंथाचा दाखला आम्ही पुन्हा पुन्हा देतो त्या ग्रंथाची जन्मभूमी म्हणजे अशीच एक धर्मशाळा होय, हे ध्यानात ठेवलेले बरे. रायतूरचे नाव घेतले ते इतिहासापुरते; प्रश्न देशभरच्या सेमिनऱ्यांचा आहे.

कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मविधानानुसार पाद्री होऊ पाहणाऱ्याला किमान सहा पूर्ण वर्षांचा अभ्यास करावा लागतो. पैकी दोन वर्षे तत्त्वज्ञान आणि चार वर्षे ईश्वरविद्या. एवढ्या काळात आमच्याकडील मुलगा पदवी घेतो, पदव्युत्तर पदवीही घेतो आणि वर एखादी नोकरीही सोडतो. अभ्यासाची लांबी कमी नाही, शिस्त तर आमच्या महाविद्यालयांना हेवा वाटावा अशी. मग अडते कोठे?

अडते ते कायद्याच्या एका कलमावर. १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्यातील कलम २२ सांगते की पदवी देण्याचा अधिकार केंद्राच्या, राज्याच्या वा पूर्वीच्या प्रांतांच्या कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठाला, अभिमत विद्यापीठाला, किंवा संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थेलाच आहे. बाकी कोणी पदवी म्हणून काही दिले तर तो कागद होय, पदवी नव्हे. जाता जाता हेही सांगून टाकू की या नियमाच्या भंगाला त्या कायद्यात एक हजार रुपयांपर्यंत दंडाची शिक्षा आहे. आज एका सत्राचे परीक्षाशुल्कही अनेक ठिकाणी याहून अधिक असते.

या कलमाच्या चौकटीत काही धर्मविद्यालये बसतात, ती इतिहासाच्या कृपेने. बंगालमधील श्रीरामपूर हे त्याचे ठळक उदाहरण. विल्यम केरी हे नाव मराठी माणसाला परके नाही. १८०५ साली मराठीचे व्याकरण आणि १८१० साली मराठीचा कोश छापणारा तोच हा केरी. पोटासाठी जोडे शिवणारा, कोणत्याही विद्यापीठाची पायरी न चढलेला हा गृहस्थ फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकवीत असे, आणि १८१८ साली त्याने मार्शमन व वॉर्ड या सहकाऱ्यांसह श्रीरामपूरला महाविद्यालय काढले. गाव तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होते. १८२७ साली डेन्मार्कच्या राजाने सनद देऊन त्या महाविद्यालयास पदव्या देण्याचा अधिकार बहाल केला. १८४५ मध्ये डेन्मार्कने गाव इंग्रजांना विकले, पण सनद टिकली. आणि १९१८ साली बंगालच्या विधिमंडळाने खास कायदा करून ईश्वरविद्येच्या पदव्यांना आधार दिला. आज देशातील अनेक प्रॉटेस्टंट सेमिनऱ्या श्रीरामपूरच्या सिनेटशी संलग्न आहेत त्या या आधारावर. म्हणजे संलग्न सेमिनरीतून निघालेल्या मुलाच्या मागे एक कायदा उभा आहे, आणि रस्त्यापलीकडील असंलग्न सेमिनरीतून निघालेल्याच्या मागे काही नाही. शिक्षक कदाचित दोहोंकडे एकाच गुरूचे शिष्य असतील, पुस्तकेही तीच असतील. विद्येतील फरक नव्हे, तर दोनशे वर्षांपूर्वीच्या एका राजाची सही येथे निर्णायक ठरते.

कॅथलिकांची गोष्ट आणखी निराळी. पुण्याचे ज्ञानदीप विद्यापीठ ही जुनी आणि मातब्बर संस्था. १८९३ साली श्रीलंकेतील कँडी येथे तिचा आरंभ झाला व १९५५ साली ती पुण्यास आली. तिच्या पदव्या रोमच्या धर्मपीठाच्या अधिकारावर दिल्या जातात. रोमचे धर्मपीठ २००३ साली युरोपातील उच्चशिक्षणाच्या बोलोन्या करारात सामील झाले, त्यामुळे त्याच्या पदव्यांचे मोजमाप कसे करावयाचे याची वहिवाट युरोपात पडली आहे. आपल्याकडे कलम २२ च्या शब्दांत रोमची मोहर कोठेच बसत नाही. युरोपात वाचता येणारा कागद ज्या देशात लिहिला गेला तेथेच वाचता येऊ नये, असा हा विनोद आहे.

हेच कलम २०२४ साली निराळ्या संदर्भात देशासमोर आले. उत्तर प्रदेशचा २००४ चा मदरसा शिक्षण कायदा अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्या वर्षीच्या मार्चमध्ये संपूर्ण रद्द ठरविला होता. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या नेतृत्वाखालील सर्वोच्च न्यायालयाच्या पीठाने तो कायदा उचलून धरला. परंतु कामिल व फाजिल या वरच्या पदव्यांपुरता तो अवैध ठरविला, कारण त्या पदव्या कलम २२ शी टक्कर घेत होत्या. निकाल आमच्या मते योग्य आहे. धार्मिक संस्थेला शाळा चालविण्याचा हक्क घटनेने दिला आहे. त्या शाळेत योग्य दर्जाचे शिक्षण मिळते की नाही हे पाहण्याचा हक्क राज्याला आहे. आणि पदवी ही मात्र सर्वांसाठी एकाच टाकसाळीत पडावी. नाणे कोणीही पाडू लागला तर बाजार चालत नाही.

तथापि टाकसाळ एक असावी याचा अर्थ सोने एकाच खाणीतून यावे असा होत नाही. आमचा सारा मुद्दा येथे आहे.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने श्रेयांकांची पद्धत घरोघरी पोहोचविली. गोव्यातील महाविद्यालयांतही ती २०२३-२४ पासून रुळू लागली आहे. ज्यांची मुले महाविद्यालयात नाहीत अशा वाचकांसाठी थोडे स्पष्टीकरण द्यावयास हवे. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यानुसार वर्षभराचा अभ्यास १२०० तासांचा धरला आहे आणि त्याला ४० श्रेयांक नेमले आहेत. म्हणजे तीस तासांच्या अभ्यासाला एक श्रेयांक. मुलाने मिळविलेले श्रेयांक त्याच्या नावावर एका पेढीत जमा होतात. या पेढीचे नियम २०२१ साली झाले. महाविद्यालय बदलले, मध्ये दोन वर्षे शिक्षण सुटले, गाव सोडले, तरी खाते राहते. सामान्यतः सात वर्षांपर्यंत ते श्रेयांक वापरता येतात. जी संस्था शेवटी पदवी देणार तिच्याकडचे निदान निम्मे श्रेयांक असावेत अशी अटही त्या नियमांत घातलेली आहे.

कल्पना चांगली आहे. पण या पेढीत पैसे भरण्याची खिडकी फक्त मान्यताप्राप्त संस्थांसाठीच उघडते. सेमिनरी, पाठशाळा, मदरसा यांतील विद्यार्थ्याने तीनशे तास लॅटिन, संस्कृत वा अरबी शिकली तरी त्याच्या खात्यावर शून्यच. दुसरीकडे कोणत्याही मान्यताप्राप्त महाविद्यालयात व्यक्तिमत्त्वविकासाच्या तीस तासांपैकी वीस तास वर्ग भरला नाही तरी श्रेयांक निमूटपणे जमा होतो. आमचे प्राध्यापकमित्र रागावतील, पण अंतर्गत गुणांची उधळण ते आमच्याहून अधिक जाणतात.

संस्थेची मान्यता आणि विद्येची पारख या दोन गोष्टी एक नव्हेत, हे गोमंतकीयांना कोणी शिकविण्याची गरज नसावी. पोर्तुगीज अमदानीत हिंदूंच्या मुलांचे मराठी शिक्षण देवळाच्या अग्रशाळेत आणि घरांच्या पडव्यांत चालले. सरकारदरबारी त्याची किंमत कवडीचीही नव्हती. ही मुले पुढे बेळगाव, धारवाड, पुणे, मुंबईच्या शाळांत गेली. त्यांच्याकडे दाखवायला कागद नव्हता. तेथल्या मास्तरांनी चार गणिते घातली, एक उतारा वाचून घेतला आणि वर्ग ठरविला, असे जुनी मंडळी सांगत असत. उलट १८४२ साली स्थापन झालेल्या पणजीच्या वैद्यकशाळेतून रीतसर उत्तीर्ण झालेल्यांनाही पोर्तुगालमध्ये वैद्यकीचा तोच अधिकार आपोआप मिळत नसे. कागद असून अडलेले आणि कागद नसून तरलेले, असे दोन्ही प्रकार आपल्या या चिमुकल्या भूमीने पाहिले आहेत.

आणि मग धर्मानंद कोसंबी आहेत. सांखवाळच्या या मुलाचे शालेय शिक्षण इतके तुटपुंजे होते की आजच्या कारकुनाने त्यांना दारातूनच परत पाठविले असते. १८९९ साली बौद्ध धर्माच्या ध्यासाने त्यांनी घर सोडले. पुण्याला आले, काशीला अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले, नेपाळला जाऊन निराश झाले, आणि १९०२ साली श्रीलंकेला पोहोचले. तेथील विद्योदय परिवेणात सुमंगलाचार्यांच्या पायाशी बसून त्यांनी पाली आत्मसात केली. पुढे ब्रह्मदेशातील विहारांतही ते राहिले. परिवेण म्हणजे काय? भिक्षूंची सेमिनरीच ती. तेथील विद्येला भारतातील कोणत्याही विद्यापीठाच्या नियमावलीत घर नव्हते. तरी १९०६ नंतर कलकत्ता विद्यापीठाने त्यांना पालीचे अध्यापक नेमले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना महाराष्ट्रात राहून काम करण्यासाठी दरमहा पन्नास रुपये देऊ केले. हार्वर्डने ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या संपादनासाठी त्यांना अमेरिकेत बोलावून घेतले, आणि परतल्यावर फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी अनेक वर्षे पाली शिकविली. पुण्या-मुंबईकडे पालीच्या अभ्यासाची जी परंपरा उभी राहिली तिचा पाया या मॅट्रिकही न झालेल्या गोमंतकीयाने घातला.

कोसंबींसारखी माणसे शतकात एखादीच निपजतात, म्हणून त्यांच्यावरून नियम काढू नये, असा आक्षेप आम्हांस ऐकू येतो. मान्य आहे. पण त्यांच्या बाबतीत विद्यापीठांनी केले काय ते पाहा. कलकत्त्याने श्रीलंकेतील विहाराला मान्यता दिली नाही. विहाराची तपासणी करायला समिती पाठविली नाही. समोर बसलेल्या माणसाला पाली येते की नाही एवढेच पाहिले. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत शिकलेले लक्ष्मणशास्त्री जोशी १९२३ साली कलकत्त्याच्या शासकीय संस्कृत महाविद्यालयाची परीक्षा देऊन तर्कतीर्थ झाले, ते याच न्यायाने. विद्या पाठशाळेची, कसोटी बाहेरची. मराठी विश्वकोशाच्या प्रमुख संपादकाच्या आसनावर पुढे जी व्यक्ती बसली ती या वाटेने आली. आमच्या पिढीच्या शिक्षकांना तर हे सांगायलाच नको. कित्येकांनी प्राथमिक शाळेत नोकरी करीत ‘बाहेरून’ बी. ए. केले. बहिःस्थ परीक्षार्थी तू कोठे शिकलास असे विद्यापीठ विचारीत नसे. उत्तरपत्रिका पाहत असे.

स्वातंत्र्याच्या चळवळीतही हा धडा गिरविला गेला आहे. १९२०-२१ च्या असहकारात सरकारी महाविद्यालये सोडून आलेल्या मुलांसाठी अहमदाबादला गुजरात विद्यापीठ, काशीला काशी विद्यापीठ आणि पुण्याला टिळक महाराष्ट्र विद्यापीठ उभे राहिले. त्यांच्या पदव्या इंग्रज सरकारच्या लेखी रद्दी होत्या. काशी विद्यापीठातून शास्त्री होऊन निघालेला एक तरुण पुढे देशाचा पंतप्रधान झाला आणि ती पदवी लालबहादुरांच्या नावाचाच भाग होऊन बसली. स्वतंत्र भारताच्या सरकारलाही या संस्थांना अभिमत विद्यापीठांचा दर्जा देण्यास पुष्कळ काळ लागला. गुजरात विद्यापीठाला १९६३ साल उजाडले आणि टिळक विद्यापीठाला १९८७. मान्यता नसणे म्हणजे विद्या नसणे, हे समीकरण मांडण्यापूर्वी निदान आपण तरी दोनदा विचार करावा.

याचा अर्थ वाटेल त्याने दिलेले प्रमाणपत्र डोक्यावर घ्यावे असा कोणी करील तर तो आमचा नव्हे. धर्माच्या नावावर पदव्यांची दुकाने चालतात. पैसे पाठवावे आणि ‘डॉक्टर ऑफ डिव्हिनिटी’ व्हावे, अशी सोय आहे. अनुदान आयोग दरवर्षी बनावट विद्यापीठांची यादी प्रसिद्ध करतो. गेल्या काही वर्षांच्या या याद्यांत बायबलच्या नावाची संस्था आहे, संस्कृतच्या नावाची आहे, नागपूरची अरबीच्या नावाची आहे, आणि आपल्या शेजारच्या गोकाकचीही एक आहे. ठकबाजीला जातधर्म नसतो, हे या यादीइतके स्पष्ट क्वचितच कोठे दिसते. छत्तीसगडमध्ये एका कायद्याच्या आडोशाने शंभराहून अधिक खाजगी विद्यापीठे उगवली होती, त्यांचा बाजार सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली उठविला. तेव्हा राज्याने हात झटकून चालणार नाही.

हात झटकल्यावर काय होते याचे प्रात्यक्षिक अमेरिकेत झाले आहे. टेक्सासमधील फोर्ट वर्थ येथील टिंडेल सेमिनरीने राज्याच्या परवानगीविना पदव्या दिल्या आणि ‘सेमिनरी’ हे नाव लावले म्हणून तिला १ लाख ७३ हजार डॉलरांचा दंड झाला. भांडण दहा-एक वर्षे चालले. २००७ साली त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की धर्मविद्या कशी शिकवावी हे सरकारने ठरवू नये, दंड रद्द. धर्मस्वातंत्र्याचा तो विजय होता यात शंका नाही. पण विद्यार्थ्याच्या पदरात काय पडले? सेमिनरीला पदवी देण्याचे स्वातंत्र्य मिळाले; ती पदवी वा तेथील श्रेयांक मानण्याचे बंधन दुसऱ्या कोणत्याही विद्यापीठावर आले नाही. तेथे श्रेयांक स्वीकारावे की नाही हे प्रत्येक विद्यापीठ आपल्यापुरते ठरविते. काही घेतात, पुष्कळसे घेत नाहीत. आणि प्रवेशाच्या वेळी हे मुलाला स्वच्छ सांगितले गेलेले असतेच असे नाही.

सांगण्याची ही जबाबदारी आम्ही प्रथम सेमिनरीवरच टाकू. आपल्या अभ्यासक्रमाला विद्यापीठीय मान्यता नाही, येथून मध्येच बाहेर पडल्यास पदवीच्या वाटेवर ही वर्षे मोजली जाणार नाहीत, हे तिने प्रवेशपत्रावर, मुलाच्या आईवडिलांना समजेल अशा कोंकणीत वा मराठीत लिहावे. देवाचे बोलावणे आलेल्याने हिशेब पाहू नये असे कोणी म्हणेल. हिशेब बोलावणाऱ्याचा नव्हे, संस्थेचा आहे. समाधानाची गोष्ट ही की अलीकडे अनेक सेमिनऱ्या उमेदवारांना आधी किंवा सोबत विद्यापीठाची पदवी घ्यावयास सांगतात. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचा त्यासाठी चांगला उपयोग होतो. पण दिवसा एक तत्त्वज्ञान आणि रात्री टपालाने आलेले तेच तत्त्वज्ञान, अशी दुहेरी मजुरी मुलाने का करावी, हा प्रश्न राहतोच. हीच गोष्ट आश्रमकन्यांप्रमाणे व्रतस्थ राहणाऱ्या ख्रिस्ती भगिनींची. ईश्वरविद्येचा कित्येक वर्षांचा अभ्यास करून त्या शाळेत शिकवू लागतात तेव्हा सेवापुस्तकात त्यांचे शिक्षण बारावीच लिहावे लागते.

उलट वाटेविषयी फार बोलण्याचे कारण नाही. विद्यापीठात तत्त्वज्ञानाची पदवी घेऊन सेमिनरीत गेलेल्याला तिने कोणत्या वर्षात बसवावे, हा तिचा अंतर्गत प्रश्न आहे. जिला आपली विद्या बाहेर मोजली जावी असे वाटते तिने बाहेरची विद्याही आत मोजावी, एवढीच माफक अपेक्षा.

विद्यापीठाने काय करावे? सेमिनरीला मान्यता देऊ नये. ती मागणारही नाही, कारण मान्यतेमागोमाग तपासणी येते आणि ईश्वरविद्येच्या वर्गात सरकारी निरीक्षक बसावा असे कोणत्याही धर्माला वाटत नाही. विद्यापीठाने परीक्षा घ्यावी. तर्कशास्त्र, पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचा इतिहास, नीतिशास्त्र, मानसशास्त्र, लॅटिन, ग्रीक, पाश्चात्त्य संगीत या विषयांच्या प्रश्नपत्रिका विद्यापीठाला काढता येतात. ज्याला वाटते आपण हे शिकलो आहोत, त्याने शुल्क भरून परीक्षेला बसावे. उत्तीर्ण झाला तर त्या विषयाचे श्रेयांक त्याच्या खात्यावर पडावेत. पूर्वज्ञानाला श्रेयांक देता येतील हे तत्त्व २०२३ च्या आराखड्याने मान्य केलेच आहे. निम्म्या श्रेयांकांची अट तशीच ठेवावी, म्हणजे उरलेला अर्धा रस्ता त्याला महाविद्यालयात चालावा लागेल आणि सात वर्षांतील निदान दीड वर्ष तरी वाचेल. उपासनाविधी, प्रवचनकला, पापनिवेदन ऐकण्याची रीत यांना श्रेयांक नकोत. धर्माचा अभ्यास आणि धर्माचे उपदेशन यांत भेद आहे हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली अरुणा रॉय यांच्या खटल्यात स्पष्ट केले आहे. त्या भेदाची रेषा येथे ओढण्यास फारशी विद्वत्ता लागणार नाही. म्हैसूर व मद्रास विद्यापीठांत ख्रिस्ती धर्माच्या अभ्यासाची स्वतंत्र व्यवस्था आहे, तिच्यामुळे त्या विद्यापीठांचे निधर्मीपण बुडाले नाही.

आमच्या काही वाचकांच्या मनात एक शंका घोळत असेल, ती उघडच मांडलेली बरी. चर्चच्या संस्थांना मागच्या दाराने सरकारी प्रतिष्ठा देण्याचा हा डाव तर नव्हे? तसे असते तर आम्ही त्याचा पुरस्कार केला नसता. येथे संस्थेला काहीच मिळत नाही, ना पैसा, ना पाटी. मिळते ते एका मुलाला, तेही परीक्षा दिल्यावर. आणि वेदपाठशाळेचा पक्ष आम्हांला घ्यावयाचा असेल तर दुसरे माप वापरता येणार नाही. उज्जैनच्या महर्षी सांदीपनी प्रतिष्ठानाशी जोडलेल्या वेद-संस्कृत मंडळाची वेदभूषण व वेदविभूषण ही प्रमाणपत्रे भारतीय विद्यापीठ संघाने २०२२ मध्ये अनुक्रमे दहावी व बारावीच्या बरोबरीची मानली. आम्ही त्याचे स्वागतच करतो. पण त्या मंडळाच्या परिघाबाहेर, जुन्या वळणाच्या गुरूच्या घरी शिकलेला बटू अजून उघड्यावरच आहे. त्याने व्याकरणाच्या, मीमांसेच्या प्रश्नपत्रिकेला थेट बसावे आणि श्रेयांक घ्यावेत. मदरशातून आलेल्याने अरबीच्या बसावे. तिघांची उत्तरपत्रिका एकाच परीक्षकांच्या गठ्ठ्यात पडू द्या. क्रमांकाखाली कोणाचे नाव आहे हे त्या परीक्षकाला दिसत नाही, ही आपल्या परीक्षापद्धतीतली जुनी आणि चांगली गोष्ट आहे.

या कामाचा आरंभ लहान असावा. सारे विषय एकदम घेतले तर समित्यांवर समित्या नेमल्या जातील आणि अहवाल कपाटात जातील. गोव्याच्या विद्यापीठाने लॅटिनपासून प्रारंभ करावा असे आम्ही सुचवितो. पोर्तुगीज काळातील चर्चचे व्यवहार आणि युरोपीय प्रवाशांचे व मिशनऱ्यांचे लेखन वाचण्यासाठी इतिहासाच्या संशोधकांना ती भाषा हवी असते, आणि ती जाणणारे विद्यापीठाच्या आवारात दुर्मिळ होत चालले आहेत. सेमिनरी सोडून घरी परतलेल्यांत ते अजून सापडतात. त्यांतले कोणी कोठे हिशेब लिहितो, कोणी परदेशी जाण्याच्या खटपटीत असतो. अशा एखाद्याला परीक्षेला बसवून, श्रेयांक देऊन, पुढे इतिहासविभागात घेतले तर उपकार कोणाचे कोणावर होतील ते विभागप्रमुखांनीच ठरवावे. प्रश्नपत्रिका तपासायला बाहेरचा परीक्षक लागेल. तो पुण्याहून वा मुंबईहून आणता येईल.

नवे शैक्षणिक वर्ष जूनमध्ये सुरू होते आणि प्रवेशाचे नियम त्याआधी छापले जातात. विद्वत्परिषदेची त्यापूर्वी एक तरी बैठक व्हायचीच असते. कार्यक्रमपत्रिकेवर हा विषय घालण्यासाठी एका सदस्याचे पत्र पुरे.